उजळणी : रोजची आणि एका रात्रीची



फेब्रुवारी आला की आमच्या शिरोलीत दोन गोष्टी एकदम जाणवायला लागतात. एक म्हणजे ऊन आणि दुसरी म्हणजे रात्री उशिरापर्यंत जळणारे दिवे. एमआयडीसीतले दिवे बारा महिने जळतातच म्हणा. फौंड्र्या पाळ्यांवर चालतात, हायवेवरचे ट्रक रात्रभर थांबत नाहीत. पण मी म्हणते ते दिवे भाड्याच्या खोल्यांतले, चाळींतले. दहावीची परीक्षा तोंडावर आलेली असते. खोलीत चार माणसं झोपलेली, आणि एका कोपऱ्यात भिंतीला टेकून एक पोरगं पुस्तक धरून बसलेलं. असं चित्र एकेका गल्लीत दोन-तीन घरांत तरी असतं.

"वर्षभर काय करत होती ही पोरं?" हा प्रश्न मग हमखास निघतो. आमच्या घरीही निघतो. परवा सुनेनं विचारला, त्याआधी शेजारच्या वहिनींनी विचारला होता. शेवटच्या रात्रीचा अभ्यास म्हणजे पोरांचा आळशीपणा, असं आपण धरूनच चालतो. मी पस्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. त्यामुळे एक खोड लागली आहे. कुठलीही रीत दिसली की ती कधीपासून सुरू झाली, असं आधी विचारायचं. तर ही 'परीक्षेच्या आदल्या रात्रीची उजळणी' कधी सुरू झाली? आजचा लेख त्याबद्दल. थोडा लांबला आहे, चहा घेऊन बसा!

आधी शब्दच बघू. हल्लीची पोरं 'रिव्हिजन' म्हणतात. आपला शब्द उजळणी. उजळणं म्हणजे घासून लख्ख करणं. तांब्या-पितळेची भांडी आपण उजळतो, ती रोज किंवा चार दिवसांनी. वर्षातून एकदा एका रात्रीत घरातली सगळी भांडी उजळायला कुणी बसत नाही. आणि जुन्या काळी उजळणी अगदी तशीच होती, रोजची.

इंग्रजी अमलाच्या आधी आणि पुढेही बरीच वर्षं गावोगावी पंतोजींच्या शाळा होत्या. कुणाच्या ओसरीवर, नाहीतर देवळात. धूळपाटीवर अक्षरं गिरवायची, मोडी वाचायला शिकायचं, आणि पाढे. नुसते बे ते तीस नाहीत, तर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. आमच्या वडिलांच्या पिढीपर्यंत बाजारात हिशेब करताना माणसं ते तोंडानं घडाघडा म्हणत. शाळा सुटायच्या आधी सगळी पोरं उभी राहत. एक मोठा मुलगा एक ओळ म्हणे आणि बाकीचे त्याच्यामागून एका सुरात. हीच उजळणी. ज्यांच्या घरी लिहिण्या-वाचण्याची रीत होती, त्यांच्याकडे दिवेलागणीला परवचा असे. त्यात पाढे, वार, महिने, तिथी, नक्षत्रं, स्तोत्रं. पोरगं म्हणायचं आणि घरातलं कुणीतरी ऐकायचं.

यातली एक गंमत सांगते. मोठ्या मुलानं धाकट्यांना शिकवायची ही आपल्या देशातली पद्धत अँड्र्यू बेल नावाच्या पाद्र्यानं मद्रासेत उचलली. वाळूत बोटानं अक्षरं गिरवणारी मुलं त्यानं मलबारी शाळेत पाहिली होती. १७९७ साली त्यानं लंडनला त्यावर पुस्तिका छापली. पुढे इंग्लंडातल्या गरीब मुलांच्या शाळांत ती 'मद्रास पद्धत' म्हणून चालली. म्हणजे आपली धूळपाटी साहेबाच्या देशात जाऊन आली!

पण जुनं ते सगळं सोनं, असं मला म्हणायचं नाही. त्या शाळेत पोरी नव्हत्या, आणि ज्यांना गावानं वेशीबाहेर ठेवलं होतं त्यांची पोरंही नव्हती. अर्थ न समजता पाठ करणं तर होतंच. तरीही एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे ती लागणार आहे. त्या उजळणीला दिवा लागत नसे, पुस्तक लागत नसे, स्वतंत्र खोली लागत नसे. फक्त तोंड लागायचं आणि ऐकणारा कान लागायचा.

मग चित्र बदललं. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर मुंबई इलाख्यात सरकारी शिक्षण खातं आलं. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झालं, तेही लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. म्हणजे शिकवायचं कॉलेजांनी आणि परीक्षा घ्यायची विद्यापीठानं. १८५९ साली पहिली मॅट्रिक झाली. शंभराच्या वर मुलं बसली आणि जेमतेम वीस-बावीस पास झाली. त्यांत महादेव गोविंद रानडे होते, रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. रानड्यांबद्दल आपण वाचतो की पुढच्या परीक्षांच्या वाचनापायी तरुणपणीच त्यांचे डोळे बिघडले. मला ही गोष्ट फार बोलकी वाटते. पाढे म्हणून कुणाचे डोळे बिघडत नाहीत. आता अभ्यास कानातून डोळ्यात गेला होता, आणि डोळ्यांच्या अभ्यासाला उजेड लागतो.

दुसरी गोष्ट म्हणजे परीक्षा एका दिवसावर आली. रोज थोडं म्हणून दाखवायचं गेलं आणि ठरल्या दिवशी, ठरल्या तीन तासांत, अनोळखी माणसाच्या नजरेखाली सगळं कागदावर उतरवायचं आलं. जिथं सगळं एका दिवसावर टांगलं जातं, तिथं त्याच्या आदल्या रात्रीला महत्त्व येणारच. शेवटच्या रात्रीचा अभ्यास मुलांनी नाही शोधून काढला, तो परीक्षेच्या घडणीतूनच आला.

खेड्यातल्या प्राथमिक शाळांत हेच वेगळ्या रूपात आलं. तिथं वर्षातून एकदा 'दिपोटी' यायचे, म्हणजे डेप्युटी इन्स्पेक्टर. खाजगी शाळांचं अनुदान तर कित्येक वर्षं मुलांच्या निकालावर ठरत असे. साहेब येणार म्हटलं की शाळा सारवायची, पोरांना धुतलेले कपडे घालून बोलवायचं, आणि आठवडाभर तेच तेच धडे घोकून घ्यायचे. आमच्या लहानपणीही दिपोटी यायचे तेव्हा गुरुजींचा आवाज बदलायचा! परीक्षा मुलांची आणि धास्ती गुरुजींना.

आता मुख्य मुद्दा. परीक्षा एका दिवसाची झाली आणि अभ्यास एकट्याचा झाला, तेव्हा घरातला दिवा हा पेपराचाच भाग झाला. ज्याच्या घरी रॉकेल होतं, बसायला कोपरा होता, 'आज पोराला काम सांगू नका' म्हणणारं माणूस होतं, त्याला पेपर सोपा. ज्याच्या घरी हे नव्हतं त्याला तोच पेपर अवघड. छापलेले प्रश्न मात्र दोघांना सारखेच. १८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिलं, ते याच काळातलं. शेतकऱ्यांच्या करातून जमलेला पैसा वरच्यांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि रयतेचं प्राथमिक शिक्षण मागं पडतं, ते सक्तीचं करा, असं त्यांचं म्हणणं होतं.

आणि इथं आमचं कोल्हापूर येतं. शाहू महाराजांनी शाळा काढल्या, १९१७ साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला, मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला, हे आपण सगळे पाठ केलेले आहोत. पण त्याच्याही आधी त्यांनी जे केलं ते परीक्षेच्या रात्रीच्या दृष्टीनं जास्त मोलाचं. त्यांनी वसतिगृहं काढली. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग. त्याच साली दिगंबर जैन बोर्डिंग. १९०६ ला मुस्लिम बोर्डिंग, १९०७ ला वीरशैव लिंगायत, १९०८ ला अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क होस्टेल. नंतरही काढत राहिले. १९२० चं प्रिन्स शिवाजी मराठा बोर्डिंग आजही कोल्हापूरकरांना ठाऊक आहे. कोल्हापूरला 'वसतिगृहांची जननी' म्हणतात ते काही उगीच नाही.

बोर्डिंग म्हणजे नुसतं राहणं-जेवण नव्हे. खेड्यातून आलेल्या पोराला तिथं काय मिळायचं? एक दिवा, बसायला जागा, आणि शेजारी तेच पुस्तक वाचणारा दुसरा पोरगा. अडलं तर विचारायला वरच्या वर्गातला. ज्या तीन गोष्टींवाचून गरिबाचं पोर त्या एका दिवशी मागं पडत होतं, त्या तिन्ही एका छताखाली! मी तर म्हणेन, पंतोजीच्या शाळेतली सगळ्यांची मिळून होणारी उजळणी बोर्डिंगात परत आली. फक्त आता तिथं अशी पोरं होती, ज्यांना पंतोजीनं ओसरीवर चढू दिलं नसतं.

याच कोल्हापुरात भाऊराव पाटील शिकले. मिस क्लार्क होस्टेलच्या समारंभाला जाऊन आल्यावर 'आंघोळ करून आत ये' म्हटलं, ती त्यांनी नाकारली, आणि जैन बोर्डिंगातली जागा गेली, असं त्यांच्या चरित्रात येतं. भाऊराव स्वतः मॅट्रिक झाले नाहीत. पण १९१९ साली त्यांनी काले इथं रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांचं एकत्र बोर्डिंग उभं केलं. १९२७ साली गांधीजींनी त्याला 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस' हे नाव दिलं. मॅट्रिक न झालेल्या माणसानं हजारोंच्या मॅट्रिकची सोय केली! वर्गात हे सांगताना मी नेहमी दोन मिनिटं थांबायची.

पुढं १९४९ पासून विद्यापीठाच्या मॅट्रिकच्या जागी एस.एस.सी. परीक्षा आली. आजचं राज्य मंडळ १९६६ च्या जानेवारीत सुरू झालं. लोकांच्या तोंडी मात्र 'मॅट्रिक' हाच शब्द राहिला. मीसुद्धा १९६७ साली 'अकरावी मॅट्रिक' झाले.

आमच्या घरच्या त्या दिवसांबद्दल थोडं लिहिते, कारण आमच्या भाच्या-पुतण्यांना ते कधी सांगितलं नाही. गाव पंचगंगेच्या काठचं. घरात वीज नव्हती. कराडजवळच्या ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील एक, आणि दोन चिमण्या. कंदील ज्याला जास्त गरज त्याला. म्हणजे कधी गोठ्यात, कधी पाहुणा आला तर सोप्यात. मुलीच्या परीक्षेसाठी कंदील राखून ठेवायची रीत घरात नव्हती. म्हणून मी आईजवळ चुलीपुढे बसायची. ती भाकरी थापायची, मी जाळ सारायची आणि इतिहासाचे तह म्हणायची. सालबाईचा तह १७८२, वसईचा तह १८०२, त्यातली कलमं. आईला अक्षर ओळखत नव्हतं. पण एखाद्या ठिकाणी मी अडखळले की ती हात न थांबवता म्हणायची, "काल हितं अडली न्हवतीस." बस्स, एवढंच. मी पुस्तक उघडून बघायची, तर खरंच तिथं एक कलम सुटलेलं असायचं. परीक्षेपर्यंत आईला वसईचा तह माझ्याइतकाच पाठ झाला होता. पेपराला निघताना तिनं हातावर दही-साखर ठेवली आणि विचारलं, "बाजीराव शेवटाला कुठं पळतोय, ध्यानात हाय न्हवं?"

बाकी रिती सगळीकडे होत्या तशाच. दौतीतली शाई भरून पेन दोनदा तपासायचं. टीपकागद घ्यायचा. पुस्तकात विद्येचं पान आणि मोरपीस. उत्तरपत्रिकेवर आधी बारीक 'श्री'. पहाटे चारला उठून वाचलेलं जास्त राहतं ही ठाम समजूत. डोळ्यांवर गार पाणी, पाय पाण्याच्या घमेल्यात. हसू नका, ज्यांच्या पोटात गोळा येतो त्यांना काहीतरी हाताशी धरायला लागतं.

१९७३ साली मी शिक्षिका झाले. १९७५ ला दहावीची पहिली तुकडी बोर्डाला बसली आणि अकरावी मॅट्रिक इतिहासजमा झाली. तोवर शेवटच्या रात्रीचा एक मोठा बाजार तयार झाला होता. नवनीत प्रकाशन १९५९ चं. माझ्या शिक्षकीच्या पहिल्या वर्षांत गाईड दप्तरात लपवून आणायची वस्तू होती, निवृत्तीच्या सुमारास ती वर्गात उघड्यावर आली होती. मग एकवीस अपेक्षित प्रश्नसंच आले, क्लास आले, 'आयएमपी' आले. "बाई, आयएमपी सांगा की" हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल त्याची गणतीच नाही. आणि जिथं एका दिवसावर सगळं टांगलेलं, तिथं कॉपीही आली. १९८२ साली राज्याला परीक्षेतल्या गैरप्रकारांविरुद्ध कायदा करावा लागला, यावरून काय ते समजा.

लग्नानंतर मी शिरोलीत आले, कारण यजमान फौंड्रीत होते. माझी शाळाही याच भागातली. इथं मला आमच्या चुलीपुढच्या अभ्यासाची किंमत कळली, कारण इथल्या पोरांना तेवढंही जमत नव्हतं. कसं ते सांगते. बाप रात्रपाळीला. भट्टीपुढं उभं राहून सकाळी घरी येतो आणि झोपतो. खोली एकच. आता पोरगं मोठ्यानं वाचणार कसं? आई दबक्या आवाजात म्हणते, "मनातल्या मनात वाच रे." संध्याकाळी बाप उठतो, तर टीव्ही लागतो, पाहुणं येतं. रात्री शेजारच्या कारखान्यातून कास्टिंग घासायचा आवाज. २००५ ते २००८ च्या सुमारास तर भारनियमनानं कहर केला होता. ऐन परीक्षेच्या महिन्यात गल्ल्या अंधारात. ज्याच्याकडे इन्व्हर्टर तो वाचतोय, बाकीचे मेणबत्तीवर. १८५९ ची गोष्ट परत आमच्या दारात!

आम्ही तीन-चार शिक्षकांनी मग पहाटे पाच ते सात शाळेचा व्हरांडा उघडला. वरून आदेश नव्हता, मानधन नव्हतं. चटया पोरांनी घरून आणल्या. नियम एकच होता. पहिला तास वाचायचं, दुसऱ्या तासाला पुस्तक मिटून जोडीदाराला म्हणून दाखवायचं. जोडीदारानं फक्त ऐकायचं आणि अडखळलं तिथं बोट वर करायचं. बिहार-ओडिशातून आलेल्या कामगारांची पोरंही असत. घरी एक भाषा, शाळेत मराठी. त्यांना वाचून समजायला वेळ लागे, पण म्हणून दाखवताना ती झटझट पुढं जात. पाचच्या ठोक्याला पहिली पाळी धरणारे काही बाप पोराला सायकलवरून सोडून पुढं कामाला जात. एक जण रोज गेटबाहेर दोन मिनिटं उभा राहून पोराचा आवाज ऐकायचा, मग जायचा.

निकालाचे आकडे मी इथं लिहिणार नाही, नोंदच तशी ठेवली नव्हती. पण शेवटच्या रात्री रडत घरी येणारी पोरं कमी झाली, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं. मी २००८ ला निवृत्त झाले. नंतर दोन वर्षांत ते बंद पडलं. 'शाळेच्या वेळेबाहेर काही झालं तर जबाबदारी कुणाची' असं कुणीतरी विचारलं, आणि या प्रश्नाला आपल्याकडे उत्तर नसतं. असो.

या सगळ्याला शास्त्राचा आधार आहे का, असा प्रश्न आमचे इंजिनिअर जावई विचारणारच, म्हणून तेही वाचून ठेवलं आहे. १८८५ साली एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसानं स्वतःवर प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं पहिल्या काही तासांतच भराभर विसरतं आणि मग विसरण्याचा वेग मंदावतो. २००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी विद्यार्थ्यांचे दोन गट केले. एका गटानं उतारा परत परत वाचला, दुसऱ्यानं एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासलं तर परत वाचणारे थोडे पुढे होते. आठवड्यानं तपासलं तर आठवून लिहिणारे बरेच पुढे! यातच शेवटच्या रात्रीचं सगळं गुपित आहे. नुसतं वाचत राहिलं की 'येतंय, येतंय' असं वाटतं, कारण पाच मिनिटांपुरतं ते खरंच येत असतं. मिटून म्हणायला गेलं की कुठं अडतं ते कळतं. अक्षरशत्रू आईला हे कुणी सांगितलं होतं, देव जाणे.

अलीकडची दोन-तीन सालं या गोष्टीत महत्त्वाची आहेत. २०१९ ला दहावीच्या भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेतले तोंडी वगैरे अंतर्गत गुण काढून टाकले होते. त्या वर्षी राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. पुढच्या वर्षी ते गुण परत दिले. शाळा ते गुण सढळ हातानं देत, हे खरं आहे, मी काही लपवत नाही. पण एवढंही खरं की सगळं परत तीन तासांच्या लेखी पेपरावर आलं की कोण घसरतं, ते त्या वर्षी दिसलं.

मग २०२०. २३ मार्चला दहावीचा शेवटचा पेपर होता, भूगोल. कोरोनामुळे तो आधी पुढं ढकलला आणि एप्रिलमध्ये रद्दच झाला. बाकीच्या विषयांवरून भूगोलाचे गुण दिले. आमच्या गल्लीतल्या एका पोरीनं नकाशे काढून काढून वही भरवली होती. ती तीन आठवडे रोज उजळणी करत राहिली, पेपर उद्या असल्यासारखी. २०२१ ला तर परीक्षाच झाली नाही. अंतर्गत मूल्यमापनावर निकाल ९९.९५ टक्के. लोक हसले. पण त्या पोरांना विचारा. "आम्ही पास झालो का, ते आम्हालाच माहीत नाही," असं मला एकानं सांगितलं. परीक्षेची भीती वाईट असते, तरी आपल्याला येतंय हे कुणीतरी ऐकून 'हो' म्हणावं, ही भूकही खरी असते.

आता मोबाईल आला आहे. व्हिडिओ बघून पोरं रात्री दोनला उजळणी करतात, कानात बोंडं घालून. बाप झोपला असला तरी अडचण नाही, हा मोठाच फायदा. उजेडाचाही प्रश्न मिटला. पण ऐकणारं कुणी नाही. व्हिडिओ कधीच म्हणत नाही की काल इथं अडली नव्हतीस. पूर्वी काही वर्षं बोर्ड पेपर सुरू व्हायच्या दहा मिनिटं आधी प्रश्नपत्रिका हातात देत असे. पेपरफुटीच्या अफवांमुळे २०२३ पासून ते बंद झालं आणि दहा मिनिटं शेवटी वाढवून मिळाली. ठीकच आहे, पण त्या दहा मिनिटांच्या आधीच्या दहा तासांत पोराजवळ कोण होतं, हे कुठल्याच परिपत्रकात येत नाही.

म्हणून माझी विनंती साधी आहे. तुमच्या घरात, नाहीतर शेजारी दहावीचं पोर असेल. तुमच्याकडे काम करायला येणाऱ्या बाईंचं असेल, कंपनीतल्या वॉचमनचं असेल. त्याला पेन, पॅड, कंपासपेटी द्यायची तर जरूर द्या. पण त्याहून स्वस्त गोष्ट म्हणजे अर्धा तास. समोर बसवा, पुस्तक मिटायला लावा आणि म्हणा, "म्हणून दाखव." विषय तुम्हाला आला पाहिजे असं मुळीच नाही. अडेल तिथं फक्त "इथं अडलास" एवढं सांगायचं. रात्री अकरानंतर मात्र झोपू द्या.

यंदा मी स्वतः पहाटे साडेपाचला आमचं अंगण उघडं ठेवलं आहे. तीन पोरं येतात, एक पोरगी चौथी. गुडघे दुखतात म्हणून मी खुर्चीवर, ती चटईवर. आज विज्ञान-दोन चाललं होतं, त्यातलं मला काही कळलं नाही. पण दोघं कुठं अडले ते बरोबर कळलं.

तुमच्या घरी, तुमच्या गावी परीक्षेआधी काय काय चालायचं, कुणाला म्हणून दाखवायचात, ते जरूर लिहा. बहिणाबाईंनो, तुम्हीही लिहा, नुसतं फोनवर सांगू नका!